सोलापुरात सार्वजनिक जागी मोठी थ्रीडी अक्षरं उभी करायची आहेत. मटेरियल कोणतं घ्यावं आणि चौरस फुटाला काय दर पडेल?

तुम्ही लिहिलंय की टॉवेल-चादरीच्या कारखान्यातर्फे विजापूर रोडला एका बागेबाहेर ‘सोलापूर’ अशी आठ फुटी अक्षरं, एकूण वीस फूट लांबीत, आणि खाली कंपनीचं नाव लावायचंय, आणि ॲक्रिलिक बरं की स्टील यावर घोडं अडलंय. माझा अक्कलकोट रोडला साइनेजचाच धंदा आहे. मटेरियलवर शेवटी या. आधी खाली जमीन कसली आहे ते बघा, कारण निम्मा पैसा तिथंच जायला हवा.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. प्रत्येक अक्षराला वेगळा खड्डा मारून काँक्रीट ओतलं की दोन पावसाळ्यांत एखादं अक्षर पुढं झुकतं, शेजारचं तसंच राहतं आणि सगळी ओळ वाकडी दिसते. मुरूम लागेपर्यंत खाली जा, सगळ्या अक्षरांखालून एकच आरसीसी बीम घ्या, त्यात फाउंडेशन बोल्ट आधीच पक्के करा. नंतर ड्रिल मारून बोल्ट ठोकू म्हणणाऱ्या फॅब्रिकेटरला तिथंच चहा पाजून वाटेला लावा.

मग वारा. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस 875 भाग 3 आहे, त्यात पुण्याला 39 मीटर प्रतिसेकंद हा मूळ वेग धरलाय, अंदाजापुरता तोच घेऊ. वेगाचा वर्ग गुणिले 0.6, म्हणजे चौरस मीटरला 900 न्यूटनच्या वर दाब, ढोबळ 90 किलो. तुमचं 20 बाय 8 फुटांचं काम साधारण 15 चौरस मीटर भरतं. अक्षरांच्या मागं सलग एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या पातळ पॅनलचा) पडदा लावलात तर मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात त्यावर चौदाशे किलोच्या आसपास रेटा येईल. आकाराचे वगैरे गुणक लावले की आणखी वाढतो. म्हणून मागं पडदा नको, शीड उभारल्यासारखं होतं. अक्षरं मोकळी ठेवा, फटींतून वारा जाऊ दे. नक्की हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून सही-शिक्क्यानिशी घ्या. 13 मे 2024 ला घाटकोपरला जे होर्डिंग पडलं ते 120 बाय 120 फुटांचं होतं, मुंबईत तेव्हा परवानगी होती ती 40 बाय 40 पर्यंत. 17 माणसं गेली.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. जागा महापालिकेची असेल तर लेखी मंजुरीशिवाय कुदळ लावू नका. महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 आणि 245, आणि त्यावरचे 2022 चे आकाशचिन्ह-जाहिरात नियम इथं येतात. नुसतं शहराचं नाव असेल तर सुशोभीकरण म्हणता येईल, कंपनीचं नाव आलं की जाहिरात झाली, हे गृहीत धरूनच अर्ज करा. आणि पुढं कधी कमान करायचं डोक्यात आलं तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी सात नंदीध्वज कोणत्या रस्त्यानं जातात ते आधी बघा. त्या काठ्यांची उंची लक्षात न घेता त्या वाटेवर काही आडवं टाकायचं धाडस सोलापुरात कुणी करणार नाही.

आता अक्षरं. इंग्रजी अक्षर बुडावर बसतं, खाली दोन बोल्ट दिले की काम झालं. देवनागरीचं तसं नाही. ‘ल’ला खाली टेकायला नुसता एक दंडा, ‘पू’चा उकार तर जमिनीच्याच दिशेनं लोंबतो, आणि ‘सो’ची मात्रा वर एकटीच वाऱ्याशी झुंजते. म्हणून मागं शिरोरेषेच्या उंचीवर एक आडवा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप द्या, सगळी अक्षरं त्याला धरा, आणि मात्रेला आतून वेगळा सळईचा आधार द्या. डिझायनर संगणकावर उकार सुंदर काढून देतो; चौथऱ्याची उंची त्या उकारावरून ठरवा, नाहीतर साइटवर उकार छाटायची पाळी येते. पोरं या अक्षरांवर चढणारच. ‘प’च्या पोकळीत बसून फोटो काढणारच. म्हणून आतला सांगाडा माणसाचं वजन पेलणारा हवा आणि पत्र्याच्या कडा दुमडलेल्या हव्यात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: बाजू आणि पुढचा भाग दोन्ही धातूचे, ॲक्रिलिक फक्त उजेड बाहेर पडेल तेवढ्या पट्टीत. ॲक्रिलिक उष्णतेनं पोलादाच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. तीन मीटरची सलग शिरोरेषा ॲक्रिलिकची केलीत, तर डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली तापलेली दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला तरी ती आठ मिलिमीटरनं लांबते. भोक स्क्रूइतकंच पाडलेलं असेल तर तिथून तडा जातो. भोकं मोठी, वॉशर रुंद, आणि लांब पट्टी तुकड्यांत.

स्टेनलेस स्टील घेणार असाल तर 304 ग्रेडचं घ्या. बाजारात 202 हा हलका ग्रेडच 304 म्हणून गळ्यात मारतात. लोहचुंबक लावून बघू नका, दोन्हींना ते सहसा चिकटत नाही, त्यातून काही कळत नाही. तपासणीचं रसायन मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा. शिवाय बिलावर ग्रेड लिहून घ्या. बजेट कमी असेल तर जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग. मी तरी हेच सुचवेन, पाच-सहा वर्षांनी पुन्हा रंगवता येतं. चादरीचा लाल रंग हवा असेल तर व्हिनाइल चिकटवू नका, आपल्या उन्हात लाल सर्वात आधी विटतो.

लाइटसाठी 12 व्होल्टचे आयपी 67 (धूळ-पाणी आत न शिरणारे) एलईडी मॉड्यूल. त्यांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) क्षमतेच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, आणि लांब ओळीला दोन्ही टोकांनी वीज द्या, नाहीतर ‘सो’ झळाळतो आणि ‘र’ मलूल दिसतो. एसएमपीएस अक्षराच्या पोटात कोंबू नका. मागं कुलपाच्या पेटीत ठेवा, म्हणजे दुरुस्तीला अक्षर उघडावं लागत नाही. लोक हात लावणार आहेत, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. प्रत्येक अक्षराच्या तळाला पाणी निथळायला भोकं ठेवा.

कंपनीच्या नावाबद्दल न विचारता सांगतो: ते लहान ठेवा, चौथऱ्यावर, मराठीत. लोक ‘सोलापूर’पाशी फोटो काढतील, तुमचं नाव त्या फोटोत आपोआप येईल. रस्त्यावरून वाचायचं असेल तर दर दहा फुटांना एक इंच उंची हा आमचा ठोकताळा. पण फोटो काढणारा दहा-पंधरा फुटांवरच उभा असतो, त्याला चार इंची अक्षरं भरपूर झाली.

दराचं म्हणाल तर चौरस फुटाचा एक आकडा मागूच नका. पाया, सांगाडा, अक्षरं, वायरिंग आणि दोन वर्षांची देखभाल असे पाच वेगळे आकडे मागा, सोबत पत्र्याची जाडी, पाइपचा साइज आणि मॉड्यूलची कंपनी लिहून घ्या. तिघांची कोटेशनं शेजारी ठेवलीत की स्वस्त माणूस नेमका कुठं कापतोय ते दिसेल. बहुतेक वेळा पायातच.