दोन पगारांची अंगठी

*ताई, मी २९ वर्षांचा आहे. चार वर्षांपासून आम्ही दोघं सोबत आहोत. लग्न करायचं हे दोघांच्याही मनात पक्कं आहे, फक्त रीतसर विचारणं राहिलंय. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, त्या दिवशी अंगठी देऊन विचारणार आहे. तिला यातलं काही माहीत नाही. मापासाठी तिची एक अंगठी मी गुपचूप उचलून आणली (आठ दिवस शोधतेय, मलाही विचारत होती). अडलंय ते पैशांपाशी. ऑफिसातले मित्र म्हणतात, दोन पगार तरी घालायलाच हवेत, त्याखाली बरं दिसत नाही. माझी शिल्लक जेमतेम सव्वा पगाराएवढी आहे आणि शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षं आहेत. उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढू का? तिला सांगायची गरज नाही, हळूहळू फेडीन. अर्ध्या कॅरटचा हिरा फार बारीक दिसतो का? बहीण म्हणते लॅबमधला घे, मित्र म्हणतो तो नकली. ती नर्स आहे, दागिने फारसे घालत नाही, पण अशी अंगठी आयुष्यात एकदाच येते ना? – गोंधळलेला*

गोंधळलेल्या मित्रा,

आधी त्या दोन पगारांचा निकाल लावू, कारण तुझी झोप त्यांनीच उडवलेली दिसते. हा नियम कुणा आजीने घालून दिलेला नाही, हिरे विकणाऱ्यांनी घालून दिलाय. १८६०च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचे मोठे साठे सापडले. तोवर राजेरजवाड्यांपुरता असलेला खडा ढिगाने निघू लागला आणि भाव टिकवायचा तर गिऱ्हाईक वाढवणं भाग होतं. डी बीअर्स कंपनीने १९३८ साली एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात कंपनीला हाताशी धरलं. ‘हिरा म्हणजे कायमचा’ या अर्थाची ती प्रसिद्ध ओळ तिथेच, १९४७ साली, फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी लिहिली. (बाईंनी स्वतः लग्न केलंच नाही, हे मला फार आवडतं.) पगाराचं मापही जाहिरातींतूनच आलं. आधी एक महिना, १९८०च्या दशकात दोन महिने, आणि जपानमध्ये तर तीन! दुकानदारच जिथे तुझ्या खिशाचं माप घेतो, तिथे ‘बरं दिसत नाही’ हे नेमकं कुणाला, एवढं मित्रांना विचार.

आता कर्ज. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हप्त्याला असतं. तू म्हणतोस, तिला सांगायची गरज नाही. जरा पुढचं चित्र बघ. लग्न झालं, एक घर, एक किराणा, एक भाडं. महिन्याच्या पाच तारखेला तुझ्या खात्यातून दोन हप्ते जातात, एक शिक्षणाचा आणि एक अंगठीचा. तेवढे पैसे घरात कमी येतात. ते कोण भरून काढणार? तीच. म्हणजे तिच्या बोटातल्या अंगठीचे पैसे तीच देणार, आणि तिला ते ठाऊकही नसणार. एक दिवस बँकेचा मेसेज तिच्या नजरेला पडेल. त्या दिवशी ती हिऱ्याचं वजन विचारणार नाही. ‘मला का सांगितलं नाहीस?’ एवढंच विचारेल, आणि याला चांगलं उत्तर नसतं. शिक्षणाचं कर्ज तिला माहीत आहे की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. नसेल, तर विचारण्याआधी ते सांग.

तेव्हा लोन नको. दुकानाचे ‘बिनव्याजी’ हप्तेही नकोत. सव्वा पगारातला एक पगार हात न लावता बाजूला ठेव. आजारपण आलं, नोकरी गेली, तर हप्ता त्यातूनच जाणार आहे, आणि खरं तर एक पगारही तोकडाच. राहिला पाव. तोंड वाकडं करू नकोस. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेव आणि मगच दुकानाची पायरी चढ. तिथे गेल्यावर ‘अजून थोडेसेच घातलेत तर’ हे वाक्य तुला किमान तीनदा ऐकू येईल. आकड्यात घडणावळ, कर आणि प्रमाणपत्राचा खर्च धर. पाव पगार अगदीच कमी वाटत असेल तर सहा महिने थांबून जमव. वाढदिवस दरवर्षी येतो.

तुझ्या पत्रात ‘नर्स’ हा शब्द सगळ्यात शेवटी आला आहे. माझ्या मते तो पहिल्या ओळीत हवा होता, कारण अंगठी कशी घ्यायची हे त्याच एका शब्दाने ठरतं. दिवसातून कितीदा तरी हातमोजे चढवायचे, उतरवायचे, हात धुवायचे, सॅनिटायझर चोळायचं. उंच बसवलेल्या खड्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्या मोज्याला आतून टोचतात आणि मोजा फाटतो. खड्याच्या खालच्या जाळीत साबण आणि मळ बसतो. म्हणून बऱ्याच रुग्णालयांत ड्यूटीवर खड्याची अंगठी चालतच नाही, फार तर साधं वेढं चालतं. मग ती अंगठी जाते कुठे? युनिफॉर्मच्या खिशात, आणि तिथून धुलाईला. दोन पगार धुलाईला टाकायची तुझी तयारी आहे का?

नख्यांचं मला जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. माझ्या अंगठीला चार नख्या होत्या. एकदा स्वेटरचा धागा एकीत अडकला, मी ओढला, धागा तुटला आणि मी विसरून गेले. दोन-तीन आठवड्यांनी भांडी घासताना बघते तर चार नख्या वर करून अंगठी तशीच, मधे नुसतं भोक. सिंकखालचा पाइप सोडवला, सगळा काळा गाळ चहाच्या गाळण्यातून गाळला. हिरा काही सापडला नाही. पुढे एका म्हाताऱ्या सोनाराने शिकवलं: अंगठी कानाशी धरायची आणि नखाने हलकी टिचकी मारायची. खडा सैल असेल तर बारीक टिकटिक ऐकू येते. महिन्यातून एकदा मी ते करते, आता त्या जागी नीलम आहे.

तिच्यासाठी कोंदणातला खडा बघ. म्हणजे नख्या नाहीत, खड्याच्या कडेने धातूचा सलग काठ वळवलेला. दुकानात याला बेझल सेटिंग म्हणतात. बसका असतो, कशात अडकत नाही, कडा सांभाळतो. खडा उघड्या नख्यांतल्याएवढा मोठा दिसत नाही हे खरं, पण जागेवर तर राहतो. आणखी एक सुचवते. साध्या वेढ्याचाच विचार करून बघ, आतल्या बाजूला दोन शब्द कोरून. ते तिला ड्यूटीवरही घालता येईल.

हिराच हवा असेल तर अर्धा कॅरट बारीक नाही. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर रुंद असतो, एक कॅरटचा साधारण ६.५. वजन दुप्पट झालं तरी दिसण्यात फरक दीड मिलिमीटरचाही नाही. किंमत मात्र दुपटीवर थांबत नाही, कारण मोठे खडे विरळा. त्यातून अर्धा, एक असे पूर्ण आकडे आले की ती एकदम पायरी चढते, म्हणून त्याच्या किंचित खालचा खडा माग. पैसे घालायचेच तर कटमध्ये, म्हणजे पैलू पाडण्याच्या कामात घाल. चमक तिथून येते. चांगल्या पैलूंचा छोटा हिरा वाईट पैलूंच्या मोठ्यापेक्षा नेहमी उठून दिसतो. आतले डाग दहापट भिंगाखाली पाहून त्यावरून दर्जा ठरवतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर त्यासाठी जास्त मोजू नकोस, तिच्या हाताकडे कुणी भिंग घेऊन बघणार नाही. रंगाची प्रतवारी डी या अक्षरापासून झेडपर्यंत उतरत जाते. पिवळ्या सोन्यात ‘जे’ या अक्षराच्या रंगाचा हिराही पांढराच वाटतो, सोन्याचा पिवळेपणा त्याला सांभाळून घेतो.

आणि पिवळंच सोनं घे. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो घासून जातो आणि पुन्हा चढवावा लागतो. दिवसभर साबण-पाणी चालणाऱ्या हातावर तर लवकरच. काहींत निकेल असतं, काही जणींना त्याने खाज सुटते. सोन्याचा कॅरट वेगळा, बरं का. हिऱ्याचा वजन सांगतो, सोन्याचा शुद्धता. १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं. खडा धरून ठेवायला ते २२ कॅरटपेक्षा कणखर.

लॅबमधला हिरा नकली नाही. कार्बनचा तोच स्फटिक, तोच कठीणपणा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रयोगशाळेत हिरा बनवल्याचं १९५५ सालीच जाहीर केलं होतं. आज जाणकारालाही खास यंत्राशिवाय फरक ओळखता येत नाही. नकली म्हणायचं तर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या क्युबिक झिर्कोनिया या खड्याला म्हण. मॉयसनाइट हा तर वेगळाच खडा, पण तो मॉयसनाइट म्हणून विकला तर त्यात फसवणूक कसली? लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत, त्यामुळे तुझ्या पाव पगारात काही बसायचं असेल तर ते तिथेच. मात्र मोडायला गेलास तर फारसं काही हाती येणार नाही. खाणीतल्या हिऱ्याचंही दुकानातल्या भावाने मोल परत येत नाही, तेव्हा गुंतवणूक हा शब्द दोन्हीकडे विसर. प्रमाणपत्रावर लॅबचा उल्लेख हवा, आणि तिलाही तसंच सांग. हिराच हवा असा हट्ट नसेल तर नीलम बघ, खड्यांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर तो दहापैकी ९. पाचू ठिसूळ, मोती आणि ओपल मऊ. तिच्या हातांना ते झेपणार नाहीत.

हे सगळं मी तुला सांगतेय, पण खरं तर ते तिला विचारायला हवं. दागिने फारसे न घालणाऱ्या बाईला काय आवडतं, हे ऑफिसातल्या मित्रांना कसं कळणार? वाढदिवसाला रिकाम्या हाताने विचार. चार वर्षांत तिने तुझ्या हातांकडे बघून होकार ठरवला असेल असं मला वाटत नाही. मग दोघं मिळून दुकानात जा. ती वेगवेगळ्या अंगठ्या घालून, मूठ मिटून, हातमोजा चढवून बघेल. सरप्राइज हवंच असेल तर दिवसाचं ठेव, अंगठीचं नको.

बरोबर गेलात की मापाचाही घोळ मिटेल. तू उचललेली अंगठी कुठल्या बोटातली आणि कुठल्या हातातली, हे तरी पाहिलंस का? दोन हातांची तीच बोटं सारखी नसतात, आणि उन्हाळ्यात, संध्याकाळी बोटं सुजतात. आणि ती अंगठी आज रात्रीच परत नेऊन दे. ड्यूटीवर जाताना काढून कुठे ठेवली, हे आठवत ती आठ दिवस स्वतःलाच बोल लावत असेल.