सोयाबीनने मान टाकली म्हणून युरिया टाकू नका

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर, देपालपूर, महू, सगळीकडून एकच विचारणा आहे: "पेरणीनंतर पाऊस दडला. दोन-तीन पानांवरचं सोयाबीन दुपारी मान टाकतं. दुकानदार युरिया आणि टॉनिक सांगतो. ते मारू, की मोडून पुन्हा पेरू?"

दोन्ही नको. आधी भल्या सकाळी शेतात जा. दुपारी पानं उलटून पांढरट बाजू दाखवतात, ते रोप ऊन चुकवतंय. सकाळी ताठ असेल तर ते जिवंत आहे आणि मूळ ओलीमागे खाली चाललंय. शेंडा वाळला तरी दलांच्या (बियातून निघालेल्या पहिल्या दोन जाड पानांच्या) बेचक्यातून नवा फुटवा येतो. दलांखालचं खोडच सुकून चिरमडलं असेल तर मात्र ते रोप गेलं. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या ओळीत मीटरला दहा-बारा रोपं सारखी उभी असतील तर मोडू नका. सोयाबीन फांद्या करून जागा भरतं.

आता युरिया. कोरड्या जमिनीत तो मुळाला चटका देतो, आणि नेमक्या याच वयात मुळांवर बसणाऱ्या, पिकाला हवेतला नत्र पुरवणाऱ्या गाठी रोखतो. पाऊस आल्यावर आठवडाभर पिवळेपणा दिसेल, तेव्हाही दुकानदार युरियाच सांगेल. तेव्हाही नको. गाठी कामाला लागल्या की पीक आपोआप हिरवं होतं.

इमाझेथापायरसारखं तणनाशक ताणात अजिबात नको. तहानलेलं तण औषध नीट घेत नाही, पीक मात्र पिवळं पडून खुंटतं. पाऊस पडून नवं पान निघालं की मगच फवारा.

फवारायचंच असेल तर पोटॅशियम नायट्रेट, एक टक्का: पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम, ऊन उतरल्यावर. "असर येण्यासाठी" तीनशे घाला म्हणणारे भेटतील. पानांच्या कडा जळतील, दुसरं काही होणार नाही. त्यात टॉनिक, कीटकनाशक मिसळून खिचडी करू नका. पुन्हा सांगतो, मात्रा वाढवू नका.

खरा उपाय डोरा, म्हणजे कोळपणी. वरची दोन बोटं माती मोकळी झाली की भेगा धरत नाहीत, खालची ओल उडत नाही आणि तणही जातं. आपल्या काळ्या मातीत भेग पडल्यावर पाणी देणं म्हणजे पाणी भेगेत ओतणं. म्हणून डोरा आणि पाणी, दोन्ही भेग पडायच्या आधी. पाणी तुषारने, हलकं द्या. पाट सोडू नका, वर पापडी धरते. ओळींमध्ये गव्हाचा भुसा पसरलात तर आणखी चांगलं. पुढच्या वर्षी शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि पेराल ते रुंद वरंबा-सरीवरच. पावसाच्या खंडात ओल धरते, झोडपलं तर पाणी काढून देते. सपाट पेरणी सोडाच.

तुषार संचाला अनुदान: लहान शेतकऱ्याला पंचावन्न टक्के, इतरांना पंचेचाळीस. पीक विम्याचा खरीप हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के. दुष्काळाची भरपाई अख्ख्या विमा क्षेत्राच्या उत्पादनावर ठरते, एकट्याच्या शेतावर नाही. विम्याची मुदत बँकेत आजच विचारा.