नर्सिंग कॉलेजात सिम्युलेशन लॅब उभारायची आहे, आठ लाखांत कोणती डमी घ्यावी?

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव बसवायचाय आणि बोलणारी, रक्त वाहणारी डमी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी नको. छातीदाबासाठी दोन साध्या डमी घ्या, ५ सेंमी दाबल्यावर टिक वाजणाऱ्या. पाणी भरून वजन येणारी एक बाळाची डमी घ्या. बाकी पैसे राखून ठेवा. महागडी डमी बिघडली की कंपनीचा माणूस येईपर्यंत चादरीखाली पडून राहते. आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, तेव्हा लॅबमध्ये काहीतरी दिसायला मोठं हवं, हा मुद्दा नाशिकच्या मीटिंगांमध्ये पुरेसा ऐकून झालाय.

रक्तस्रावाच्या सरावाला जिवंत बाई लागते. स्टाफपैकी एकीला लेबर टेबलवर अर्धवट टेकून बसवा. पोटावर अ‍ॅप्रन, त्याच्या आत २ लिटरची युरोबॅग (लघवी साठवायची पिशवी), खालची नळी मांड्यांमध्ये आणि तोटी तिच्याच हातात. गर्भाशय म्हणून अर्धवट फुगवलेला फुगा मोज्यात घाला. कुणी नीट मसाज सुरू केला की ती अ‍ॅप्रनखालून फुगा मुठीत आवळते, तो आवळलेल्या गर्भाशयासारखा कडक लागतो. हात काढला की पुन्हा सैल. बीपी कागदावर लिहून तिच्या उशीखाली ठेवा. बीपीचा पट्टा दंडाला खरोखर बांधून फुगवला तरच ९०/६० सांगायचं. एकीला सासूबाई करून दारात उभं करा, ‘काय झालं ते सांगा ना कुणीतरी’ म्हणत. तिच्याशी कोण बोलतं, हेही लिहून ठेवा; बहुतेक वेळा कुणीच बोलत नाही.

सरावाचं रक्त घरीच बनवता येतं. चार छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून २ लिटर पाण्यात उकळा, गार झाल्यावर खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घाला. कॉफी नसेल तर ते गुलाबाच्या सरबतासारखं दिसतं. गाळल्याशिवाय बॅगेत भरू नका, गुठळी तोटीत बसते आणि रक्तस्राव आपोआप थांबतो. कुंकू तर अजिबात नको, फरशी आठवडाभर लाल राहते. आणि मे महिन्यात आदल्या रात्री करून ठेवलंत तर सकाळी वास मारेल.

ड्रिलच्या, म्हणजे या सरावाच्या, आधी हेच रक्त चार ठिकाणी ओता: पॅडवर १०० मिली, ट्रेमध्ये ३००, चादरीवर ५००, फरशीवर १०००. प्रत्येकीला अंदाज लिहायला लावा. थोडं रक्त जास्त वाटतं आणि जास्त रक्त कमी वाटतं, तिथेच बाई हातातून जाते. बेळगावकडच्या २००६ साली छापलेल्या अभ्यासात डोळ्यांचा अंदाज मापाच्या पिशवीपेक्षा ३३ टक्के कमी भरला होता. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. ओल्या कापडातून कोरड्याचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम तितके मिली धरा.

आता ज्यावरून भांडण झालं ते. ही ड्रिल लॅबमध्ये नको, खऱ्या लेबर रूममध्ये, रोजच्या ट्रॉलीवर घ्या. इथल्याच एका रुग्णालयात तशी घेतली. पहिली फेरी झकास झाली, कारण सगळ्याजणी हवेत हात हलवून ‘ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) दिलं’ म्हणत होत्या आणि शिकवणारे मान डोलवत होते. दुसऱ्या फेरीला नियम केला: जे हाताने केलं तेच झालं. सिस्टर फ्रिजकडे धावल्या. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून फ्रिजमध्ये, आणि फ्रिजला कुलूप. किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे, त्या वरच्या मजल्यावर राउंडला. अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, हातात आली तेव्हा घड्याळात ५ मिनिटं होऊन गेली होती. मग एकच फोडली. अँप्युल ५ युनिटची, द्यायचे १०, म्हणजे दोन. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झामिकचंही तसंच: ५०० मिग्रॅच्या दोन, १० मिनिटांत सावकाश. घाईत एक ढकलून मोकळ्या झाल्या.

चर्चेत एक वरिष्ठ म्हणाले, घड्याळ लावून तुम्ही सिस्टरांचा अपमान करता, हे सगळं नाटक आहे. सिस्टर मात्र किल्लीची दुसरी प्रत मागत होत्या. पुढच्या मीटिंगला डमीची फाईल मंजूर झाली, किल्ली विषयपत्रिकेवरच नव्हती. डमीचा फोटो निघतो, किल्लीचा काय काढणार!

तर १० मिनिटांच्या ड्रिलला २० मिनिटांची चर्चा ठेवा. ‘कसं वाटलं?’ने सुरुवात नको, सगळ्या ‘छान’ म्हणतात. पहिलं रक्त कुणी पाहिलं आणि कुणाचं नाव घेऊन सांगितलं, हे विचारा. फळ्यावर वेळ लिहा, माणसाचं नाव लिहू नका.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. भूल देणाऱ्यांना शिकवायचं असेल तर महागडी डमी कामाची आहे, तिथे माझं वरचं म्हणणं लागू नाही. आणि ड्रिलसाठी खऱ्या अँप्युल फोडू नका. पाण्याच्या अँप्युलवर ‘फक्त सराव’ची लाल पट्टी लावा, संपल्यावर मोजून परत घ्या. एक जरी कमी भरली तर ट्रॉली पूर्ण रिकामी करून शोधा, जेवायची वेळ झाली असली तरी.