कायदा आपल्यासाठी: हद्दीचं कारण सांगून पोलीस परत पाठवतात तेव्हा

प्रश्न : माझ्या नणंदेवर परगावी अत्याचार झाला. घाबरून ती तशीच घरी आली. आज तिसरा दिवस. इथले पोलीस म्हणतात, "हद्द आमची नाही, तिकडे जा." तिने आंघोळही केली आहे. आता हातात काही उरलंय का?

बरंच उरलंय, पण आधी रुग्णालय गाठा, पोलीस ठाणं नंतर. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत आजच. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी खात्रीची. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने हे उपचार मोफत द्यायचे असतात. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्यांचं काम. पण "आधी एफआयआर आणा" असं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. तपासणीला तिची संमती हवी. तपासणीचा एखादा भाग तिने नाकारला तरी औषधोपचार थांबत नाहीत.

शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. आंघोळ झाली म्हणून तपासणी टाळू नका. ओरखडे, वळ, कपड्यांवरचे डाग शिल्लक असू शकतात. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच ठेवा. ओलसर असतील तर सावलीत वाळवा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घाला. प्लॅस्टिकची पिशवी नको. आत दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. घाईत सगळे कपडे एकाच कॅरीबॅगमध्ये कोंबले जातात आणि चांगला पुरावा हातचा जातो.

आता हद्दीचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवावीच लागते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात; नोंद शून्य क्रमांकाने होते आणि कागदपत्रं त्या हद्दीच्या ठाण्याकडे जातात. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा, प्रत मोफत द्यायची. तरी नकार आला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावास होऊ शकतो. हे कलम ठाण्यात शांतपणे बोलून दाखवा, पुष्कळदा तेवढ्यानेही काम होतं.

सही करण्याआधी जबाब तिला पूर्ण वाचून दाखवायला सांगा. नेहमीचा घोटाळा इथेच होतो. "माझ्यासोबत वाईट काम केले" एवढ्या एका ओळीवर जबाब संपतो. संकोच आपण समजू शकतो, पण न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या बलात्काराच्या व्याख्येत तोंड, बोट, वस्तू यांनी केलेली जबरदस्तीही येते. नेमकं काय घडलं ते तिच्या शब्दांत उतरलं नाही, तर गुन्हा कलम ७४ च्या विनयभंगावर थांबू शकतो. तिथे शिक्षा एक ते पाच वर्षं. बलात्काराला मात्र कलम ६४ खाली किमान दहा वर्षं ते जन्मठेप.

प्रश्न : वैद्यकीय अहवालात "जखमा नाहीत" असं लिहिलंय. केस संपली का?

नाही. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. ते सहज आलेलं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर खुणा नाहीत हेही एक कारण धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. अहवालात 'दोन बोटांची चाचणी' (योनीत बोटं घालून आधीच्या लैंगिक संबंधांचा अंदाज बांधणारी तपासणी) किंवा "संभोगाची सवय आहे" असा शेरा दिसला तर वकिलांमार्फत लगेच हरकत घ्या. ही चाचणी करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

प्रश्न : जबरदस्ती नवराच करत असेल तर?

पत्नी १८ वर्षांवरची असेल आणि दोघं एकत्र राहत असतील, तर कायदा याला बलात्कार म्हणत नाही. आमच्या मते हा उघड अन्याय आहे. तरी वाट अगदीच बंद नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरला आहे. त्याखाली संरक्षण आदेश आणि राहत्या घराचा हक्क मागता येतो. क्रूरतेसाठी न्याय संहितेचं कलम ८५ आहे. पत्नी वेगळी राहत असेल तर मात्र कलम ६७ लागतं आणि शिक्षा दोन ते सात वर्षं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पीडित मुलीचं नाव फिरतंय. सहानुभूतीने लिहिलंय, तरी चुकतंय का?

हो, चुकतंय. नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ग्रुप ॲडमिनना तो संदेश आजच काढायला सांगा.