सोलापुरात दहा-बारा जणांनी मिळून मातीकामाचा स्टुडिओ चालवला तर टिकेल का?

तुम्ही विचारलंय की एकच जागा, एकच भट्टी सगळ्यांनी वापरली तर लोक टिकतात का, की चार महिन्यांत ज्याचा तो आपापल्या वाटेला लागतो. पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आमचं हे चौथं वर्ष. टिकतं. फक्त चाकापासून सुरुवात करू नका.

चाकावर एका वेळी एकच माणूस बसतो आणि बाकीचे बघत उभे राहतात. आम्ही पहिल्या वर्षी सगळे पैसे दोन चाकांत घातले. पाळी येईना म्हणून निम्मे लोक गळाले. मग जुन्या दारांच्या फळ्या जोडून मधोमध एक लांब टेबल केलं आणि वळ्या करून, थापून भांडी करायला लागलो. हात गुंतले की माणसं आपोआप बोलायला लागतात. आमच्या टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं. मराठीतलं गाडगं कन्नडमध्ये गडिगे, आणि तेलुगूत त्याला कुंड म्हणतात, हे मला तिथेच कळलं. विडीकाम करणाऱ्या एक अक्का दर रविवारी येतात. त्यांच्या बोटांना जी सफाई आहे ती आमच्यातल्या एकाही शिकलेल्या कलाकाराकडे नाही.

मातीचं मात्र नीट ऐका. आपली काळी माती फुकट मिळते म्हणून थेट वापरू नका. ती वाळताना फार आकसते आणि तडकते. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर ते हवेतला ओलावा ओढतात, फुगतात, आणि आठवड्याभराने चांगल्या वाडग्याचा टवका उडतो. तळ्याची गाळाची माती आणा, पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळा, मग वाळू किंवा राख मिसळा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात भांडी उघडी ठेवायची नाहीत. बाहेरचा भाग आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि कड फाटते. आम्ही आपल्याच सोलापुरी टॉवेलात, ओला करून घट्ट पिळलेल्या, भांडी गुंडाळतो आणि वरून प्लास्टिक टाकतो. तीन-चार दिवस सावकाश वाळू देतो.

आता खरं महत्त्वाचं. माणसं एकत्र बांधते ती भट्टी. विजेची भट्टी अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, वीज जवळजवळ तेवढीच लागते. म्हणून ती भरेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, एकमेकांना विचारावं लागतं, ‘तुझं झालं का?’ मोठ्या हंडीच्या पोटात कुणाच्या तरी पणत्या बसतात. एकाच्या घाईचं नुकसान शेजारच्याच्या भांड्याला सोसावं लागतं, आणि हे मी स्वतः करून बसलोय. माझी एक जाड झाकणी आतून ओली होती. शंभर अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ झाली, झाकणी फुटली, आणि तिच्या तुकड्यांनी एका मुलीची सहा वाडगी गेली. पहिल्यांदाच केलेली होती तिने ती. तिच्यासमोर उभं राहणं मला आजही आठवतं. त्या दिवसापासून एक नियम आहे: प्रत्येक भांडं दुसऱ्या कुणीतरी गालाला लावून बघायचं. गार लागलं की अजून ओलं आहे, मग ते थांबणार. कितीही जवळचा माणूस असला तरी. नंतर भट्टी नव्वद अंशांवर काही तास धरायची, मग हळूहळू साडेनऊशेच्या आसपास न्यायची आणि गार झाल्याशिवाय उघडायची नाही.

आणि कुंभारांना पाहुणे म्हणून नाही, शिक्षक म्हणून बोलवा, रीतसर मानधन देऊन. आपल्या गावात कुंभार वेस आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर त्यांच्या योगदंडाशी लग्न लागतं ते कुंभारकन्येचं, आणि अक्षता टाकायला सगळं सोलापूर लोटतं. असं असूनही सुगडी घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे येणाऱ्या कुंभार मावशी भट्टीतून निघालेलं भांडं बोटाने वाजवतात. टणकन वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं नाहीतर तडकलेलं. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने तपासल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते कान कसे असतात हे मावशींकडे बघून समजलं. त्यांनी कुणाच्या भांड्याला ‘पुन्हा कर’ म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

पैशांचं थोडक्यात: महिन्याची वर्गणी सारखी ठेवा, भट्टीचा खर्च मात्र भांड्याच्या आकारावर वाटा. हिशेबाची वही टेबलावर उघडी असू द्या. शेड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीची बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट.

मुहूर्तासाठी पुढच्या संक्रांतीची सुगडी धरा. त्यासाठी गाळाची माती मे महिन्यात, तळी आटलेली असताना भरून ठेवा. पाऊस लागला की वर्षभर मिळत नाही.