हरले तर घरच्यांच्या कष्टाचं काय?

"मॅडम, घरच्यांनी माझ्यासाठी एवढं केलंय. मी हरले तर त्यांच्या कष्टाचं चीज कसं होणार?"

खेळणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा या ना त्या शब्दांत हा प्रश्न येतोच. कुस्तीतला मुलगा विचारतो, धावणारी मुलगी विचारते, कबड्डीत प्रो लीगची स्वप्नं बघणारा विचारतो. पालकांकडे याच चिंतेची दुसरी बाजू असते: "आम्ही सगळं पणाला लावलंय, पोचेल ना हा?" नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर 1 कोटी 10 लाखांची बोली लागली आणि त्याच्या क्रिकेटसाठी वडिलांनी जमीन विकल्याचं सगळीकडे छापून आलं. त्यानंतर शेत विकायचा विचार बोलून दाखवणारे वडील मला जास्त भेटू लागले. त्या सगळ्यांसाठी एका मुलीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. अनेक भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

सायली सतरा वर्षांची, दीड हजार मीटर धावणारी, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. आई शाळेत पोषण आहार शिजवते, उरलेल्या वेळात खुरपणीला जाते. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. राज्य स्पर्धेत पदक मिळालं आणि एका स्थानिक वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन घरी आला. व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याने वर्षभराचा खुराक आणि किट द्यायचं कबूल केलं. बदल्यात एसटी स्टँडसमोर त्याच्या दुकानाचा मोठा फ्लेक्स लागला. एका बाजूला सायली पदक घेऊन, दुसऱ्या बाजूला चुलीपुढे आई.

त्यानंतर शर्यतीच्या आदल्या रात्री झोप उडाली. शर्यतीआधी उलट्या व्हायला लागल्या. वेळ दहा-बारा सेकंदांनी घसरली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रक्त ठीक, पोट ठीक. मग प्रशिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत तिने मला तो व्हिडिओ दाखवला. आई भाकरी थापते आहे, धुराने डोळ्यांत पाणी, मागे हळू आवाजात संगीत. मी विचारलं, "घरी चूलच आहे का?"

"नाही, गॅस आहे. चूल मागच्या दाराला, आंघोळीचं पाणी तापवायला. ते म्हणाले चुलीवर भाकरी करताना घेऊ."

"आणि तू अनवाणी पळताना दिसतेस?"

"स्पाइक्स होते पायात. काढायला लावले."

तिला यात काही खटकलं नव्हतं. उलट तिला स्वतःचीच लाज वाटत होती. आई एवढी राबते आणि आपण साधी वेळ काढू शकत नाही, हा विचार तिला रात्रभर जागं ठेवायचा. सरावावरून येताना रोज तो फ्लेक्स दिसायचा आणि ती मान खाली घालून पुढे जायची.

माझी विचारांची घडण अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीत झाली आहे आणि इतक्या वर्षांनंतरही खेळाडूंसाठी मला तीच सर्वांत उपयोगी वाटते. माणसाला प्रसंग जितका छळतो, त्यापेक्षा त्या प्रसंगाबद्दल मनात धरलेली समजूत जास्त छळते, असं ती सांगते. "मला जिंकायचं आहे" हे पायांना बळ देतं. "मी जिंकले नाही तर मी आईची अपराधी" हे पोटात गोळा आणतं. ही समजूत कुठून आली, हे सायलीला तर्काने पटवायचा मी प्रयत्न केला. ती ऐकायची, मान डोलवायची आणि पुढच्या शर्यतीआधी पुन्हा उलटी करायची. तिच्या मनातलं कर्ज नेमकं किती, हे तिला कुणी मोजूनच दाखवलं नव्हतं. ते मोजून सांगू शकणारी व्यक्ती एकच होती. मी आईला बोलावून घेतलं.

आई आल्या, पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी त्यांना सरळ विचारलं, "ताई, सायली पळत नसती, तर तुम्ही काय वेगळं केलं असतं?"

"येगळं म्हंजी?"

"म्हणजे तिच्यासाठी म्हणून तुम्हाला काय काय करावं लागलं?"

त्या जरा विचारात पडल्या. "खुरपायला जाती, ते जावंच लागतं. खिचडी शिजवती, ते ही पळाय लागायच्या आधीपासनं. ही घरी बसली असती तरी म्या काय पाटावर बसून खाल्लं असतं व्हय?"

सायली पटकन म्हणाली, "पण व्हिडिओत तूच म्हणालीस ना, लेकीसाठी हाडाची काडं केली म्हणून?"

"त्यो पोरगा म्हनला, असं म्हना. म्हनलं बाई."

मी म्हटलं, "बरं, हिच्यासाठीच म्हणून वेगळं काय केलंत?"

आता त्यांना बोटं मोजता आली. "रोजची अंडी. स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं. आन ती खिळ्याची बुटं, त्याला बचतगटातनं कर्ज काढलं."

"ते कर्ज?" सायलीने विचारलं.

"फिटलं की! दिवाळीच्या आधीच फिटलं."

"फिटलं? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?"

सायली आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच काम असतं, आणि ते मला चांगलं जमतं, असं मी समाधानाने म्हणू शकते. थोड्या वेळाने आईच म्हणाल्या, "हरलीस तर वाईट वाटतं मला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिशी खिचडी शिजवायचीच असती. तू पळतीस तवा बघाय बरं वाटतं, यवढंच."

महिनोन्‌महिने बोलून मी जे पोचवू शकले नसते, ते या बाईने चार वाक्यांत पोचवलं. आईचे कष्ट खरे होते, त्यात तसूभर कमी-जास्त नव्हतं. पण ते सायलीच्या नावावर लिहिलेले नव्हते. ते त्या घराचे, त्या दुष्काळी जमिनीचे, कमी मजुरीचे कष्ट होते. फ्लेक्सने ते सगळे उचलून एका सतरा वर्षांच्या मुलीच्या खात्यावर टाकले होते. तिच्या नावावर खरं कर्ज होतं ते बुटांचं, आणि ते फिटलेलं होतं.

पालकांनो, हे हिशेबाचं काम तुम्ही घरी करू शकता, आणि लवकर करायला हवं. मुलाच्या खेळावर खरोखर किती खर्च होतो, ते वहीत लिहा. मुलाला दाखवा. त्यातला कोणता खर्च आनंदाने करताय, कोणता कर्ज काढून, तेही सांगा. शेत विकायचं मनात असेल तर आधी ठरवा की हा पैसा परत येणार नाही असं धरून घर चालेल का. चालणार नसेल तर विकू नका. "तुझ्यासाठी विकलं" हे वाक्य मुलाच्या डोक्यावर आयुष्यभर राहतं, मग ते जिंको वा हरो.

कर्ज कसं फेडावं याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण पैलवान खाशाबा जाधवांचं आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि आधी कुस्त्या भरवल्या, त्यात लढले, मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. रकमेचं ऋण रकमेने फेडलं. पदकाने फेडायचं असतं तर ते कधीच फिटलं नसतं, कारण पदकाला किती रुपये धरायचे हे कोण ठरवणार?

आता त्या कॅमेऱ्यामागच्या व्यवहाराबद्दल. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा घालणाऱ्याला प्रेक्षक खिळवून ठेवावा लागतो, आणि प्रेक्षक धावसंख्येपेक्षा माणसाला खिळतो. म्हणून खेळाडूच्या गरिबीची गोष्ट लागते. क्रिकेटपटू यशस्वी जयस्वालने पाणीपुरी विकल्याची गोष्ट इतक्या वेळा दाखवली गेली की ज्यांनी त्याला घरी ठेवून घडवलं, त्या प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. पाणीपुरीची गाडी दिसते, रोजचा सराव घेणारा गुरू दिसत नाही. या पैशाला मी नावं ठेवणार नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतल्या पोरांना पहिल्यांदा खेळातून मोठी रक्कम मिळू लागली, हे मोठंच काम झालं. पण गोष्ट विकणाऱ्याची गरज वेगळी आणि धावणाऱ्या मुलीची गरज वेगळी, हे घरात कुणाच्या तरी लक्षात असायला हवं.

त्या गोष्टींमध्ये काय गाळलं जातं ते पाहा. धावपटू अविनाश साबळे म्हटलं की लोकांना बीडमधलं मांडवा गाव, वीटभट्टीवर राबणारे आई-वडील आणि शाळेची पायपीट आठवते. ते खरं आहे. पण बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. धावायला त्याने गांभीर्याने सुरुवात केली ती तिथेच. ठरलेला पगार, वेळेवर पोटभर जेवण, अमरीश कुमार यांच्यासारखे प्रशिक्षक, आणि मग 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत 8 मिनिटं 11.20 सेकंद आणि रौप्यपदक. नेमबाज स्वप्नील कुसाळेचंही तसंच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवणाऱ्या या राधानगरी तालुक्यातल्या मुलाचे वडील शिक्षक. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, आणि पदकाच्या आधी कितीतरी वर्षं त्याला रेल्वेची नोकरी होती. दोघांनीही अफाट मेहनत केली. पण महिन्याच्या महिन्याला हातात येणारी रक्कम आणि वेळेवर मिळालेला जाणता प्रशिक्षक यांनी त्या मेहनतीला जागा दिली. उपासमारीने कुणी वेगवान होत नाही. उपाशी राहून खेळ सोडून दिलेल्या मुलांच्या घरी कॅमेरा जात नाही, एवढंच.

म्हणूनच सुखवस्तू घरातले पालक जेव्हा विचारतात, "आम्ही काही कमी पडू दिलं नाही म्हणून याच्यात भूक नाही का?", तेव्हा मी त्यांना कृत्रिम हाल करायला सांगत नाही. सरावाला स्वतःचं स्वतः उठू द्या, बॅग त्याची त्याला भरू द्या, हरल्यावर पंचांना दोष देऊ नका. तेवढं पुरे आहे.

गावाकडच्या पालकांना मी आणखी दोन गोष्टी सांगते. शिक्षण सोडू देऊ नका, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी कशी करून घ्यायची, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन वेळेत विचारा. पदकाच्या अलीकडेही पोट भरण्याची एक वाट आहे हे कळलं की मुलाच्या छातीवरचं ओझं उतरतं आणि गंमत म्हणजे तो जास्त मोकळा खेळतो.

आणि कुणी पुरस्कर्ता आला तर घाईने होय म्हणू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही, सही तुमचीच घेतली जाते. काय मिळणार, किती महिने मिळणार, दुखापत झाली तर काय, फोटो कुठे वापरणार, हे कागदावर घ्या. घरातलं काय दाखवायचं हे मुलाला विचारा. ते नको म्हणालं तर नको.

सायलीच्या वडिलांनी तेच केलं. व्यापाऱ्याशी बोलले, आणि माणूस समजूतदार निघाला. खुराक आणि किट चालू राहिलं, फ्लेक्स बदलला. नव्या फ्लेक्सवर सायली एकटीच आहे, स्पाइक्स घालून, वळणावर. पुढच्या राज्य स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही, पण वेळ पुन्हा जुन्या जागी आली आणि आदल्या रात्री ती झोपली होती. सध्या बारावीचा अभ्यास आणि सराव दोन्ही चालू आहे. बुटांची पुढची जोडी कोणत्या पैशातून घ्यायची, हे मायलेकींनी मिळून वहीत लिहून ठेवलं आहे.