बायपासवर सोसायटीसमोर नवीन रॅम्प दिला तर अपघात वाढतील का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटी कात्रज-देहूरोड बायपासला लागून आहे, हायवेवर चढायला दीड किलोमीटर उलटं जावं लागतं, मग समोरच एक रॅम्प काढून दिला तर बिघडलं कुठे? मी रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो आणि वडगावला राहतो, त्यामुळे हा बायपास माझ्याही रोजच्या वाटेवरचा. तुमची अडचण खरी आहे. तरीही तो रॅम्प होऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

रॅम्पवरून वर येणारी गाडी डावीकडून, कमी वेगात येते आणि तिला उजवीकडे सरकायचं असतं. पुढच्या रॅम्पला उतरणारी गाडी नेमकी उलटी, उजवीकडून डावीकडे येत असते. दोघींच्या वाटा रस्त्याच्या एकाच तुकड्यावर कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. आमच्याकडे याला वीव्हिंग म्हणतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे 200 मीटरचा तुकडा नऊ सेकंदांत संपतो. तेवढ्यात बोर्ड वाचायचा, आरशात बघायचं, मागच्या ट्रकचा अंदाज घ्यायचा, इंडिकेटर द्यायचा आणि फट शोधायची. तुकडा 500 मीटरचा असेल तर हेच करायला बावीस-तेवीस सेकंद मिळतात. ज्याला वेळ पुरत नाही तो एक तर अचानक ब्रेक लावतो किंवा आडवा घुसतो. अपघात होतो तो इथेच.

अमेरिकेतल्या आश्टो या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांत दोन इंटरचेंजमधलं, म्हणजे हायवेवर चढण्या-उतरण्याच्या दोन जागांमधलं, किमान अंतर शहरात साधारण 1.6 किलोमीटर आणि शहराबाहेर 3.2 किलोमीटर धरतात. पण याहून महत्त्वाचा आहे तो रॅम्पचा क्रम. आधी चढायचा रॅम्प आणि मग उतरायचा, असा क्रम असेल तर मध्ये 500 ते 600 मीटर ठेवायला सांगतात. आधी उतरायचा आणि मग चढायचा असेल तर सुमारे 150 मीटर पुरतात. उतरणारे आधीच बाजूला झालेले असतात, त्यामुळे चढणाऱ्यांशी त्यांची गाठच पडत नाही. दोन पुलांच्या मध्ये नवीन चढायचा रॅम्प काढला की तो बहुतेक वेळा पहिल्या, वाईट प्रकारात मोडतो, कारण त्याच्या पुढे कुठल्या तरी चौकाला उतरायचा रॅम्प असतोच.

अंतर कमीच असेल तर दोन्ही रॅम्पना जोडणारी एक जादा लेन डावीकडे देतात. हायवेवर चढणारा तिच्यात वेग घेतो, उतरणारा तिच्यात वेग कमी करतो आणि हायवेवरच्या मुख्य लेनवरचा ताण घटतो. याचा चांगला उपयोग होतो. पण त्यासाठी जागा लागते, आणि आपल्याकडे हायवेच्या कडेला दुकानं आणि गॅरेज थेट टेकलेली असतात.

वर दिलेले आकडे साधारण सपाट रस्त्याचे आहेत. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंत मात्र सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकचालक इथे गाडी न्यूट्रल करतात. गिअर काढला की इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर कंप्रेसर थांबतो आणि ब्रेकला लागणारी हवा भरणंही बंद होतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा उताराच्या पायथ्याशी उतरायच्या रॅम्पवरची रांग हायवेवर आली, तर भरलेल्या ट्रकसमोर थांबलेल्या गाड्या येतात. वेग दुप्पट असेल तर नुसत्या ब्रेकने थांबायला चौपट अंतर लागतं. उतारावर त्याहूनही जास्त. इथे 500 मीटरही मला कमी वाटतात.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे आणि त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुचाकींना बंदी. तरीही तिथे माणसं मरतात, बहुतेक अतिवेगाने आणि लेन कापून. तेव्हा नुसतं अंतर वाढवल्याने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. याच बायपासवरच्या चांदणी चौकातही जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवे रॅम्प सुरू झाले, मुळशी, बावधन, कोथरूडच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण वाटा अनेक झाल्या की बोर्ड फार आधीपासून दिसावे लागतात. ऐन फाट्यावर थबकून वाचणारा चालक मागच्यांना धोकाच असतो.

तुमच्या सोसायटीतल्या माणसांना बहुतेक वेळा बंगळुरूला किंवा मुंबईला जायचं नसतं. वारजे, नऱ्हे, वाकड, मुलांची शाळा, दवाखाना. त्यासाठी हायवे लागतो, कारण सर्व्हिस रोड मध्येच तुटतो: कुठे ओढा, कुठे न झालेलं भूसंपादन. मग स्कूटरवरची बाई एका किलोमीटरसाठी कंटेनरांच्या मधे शिरते. याचा मला मनापासून राग येतो, आणि आणखी एक रॅम्प दिला तर तशा स्कूटर वाढतील.

म्हणून अर्ज करणार असाल तर सलग सर्व्हिस रोड मागा. तुमच्या बाजूचे तुटलेले तुकडे कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून फोटोंसह जोडा, आणि पलीकडे जायला भुयारी मार्ग मागा. एवढं करूनही महामार्ग प्राधिकरण रॅम्पच देऊ म्हणालं, तर लेखी विचारा: पुढचा उतरायचा रॅम्प किती मीटरवर आहे, मध्ये जादा लेन आहे का, वेग घ्यायला किती लांबी दिलीय, तिथे उतार किती आहे आणि संध्याकाळी सहाला रांग कुठपर्यंत येईल.

नकाशा तयार झाला की इथेच टाका, मी बघून सांगतो.